गाठ न मारलेली शिवण

साकाता, १२ जानेवारी १९५९

किनुयोताई,

फुसाएचा नमस्कार. नव्या वर्षाचं पत्र आणि सुकवलेली फळं पोचली. दोनांवर बुरशी होती, पुसून खाल्ली. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल माफी वगैरे मागत नाही, कामात होते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. चार यत्ता शिकले, त्यातही अर्धा वेळ पाठीवर धाकटा भाऊ बांधलेला. लागेल तसं वाचा.

शिगेनोचं लग्न ठरलं. वीस एप्रिलला. मुलगा हागांचा मोरियो, इथे बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात काळे असतात, पण तोंड बंद ठेवतो, ते मला आवडलं. त्याची आई मात्र त्याच्या वाट्याचंही बोलते. पहिल्याच भेटीत हसत हसत म्हणाली, शिंपिणीच्या घरात नवरीचे कपडे उसने आणायची वेळ येत नसेल. मी म्हटलं, येत नाही, आणि आम्ही मुलगीही उसनी देत नाही, तेव्हा ठेवून घ्यायची असेल तर नीट ठेवा. मोरियोनं मान खाली घातली, हसत होता बहुतेक.

पांढरा किमोनो मीच शिवला. पाठीची शिवण एका बैठकीत घेतली, मानेपासून खालपर्यंत, मध्ये उठले नाही. आपल्या शिवणाच्या गुरुबाई असत्या तर अंगठा फिरवून बघितलं असतं आणि काही बोलल्या नसत्या. त्या बोलल्या नाहीत म्हणजे चांगलं झालं, असंच होतं ना. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, त्यांच्याकडची सगळी महत्त्वाची कामं तुमच्या हाती, तरी तुमच्यावर मात्र शेवटपर्यंत बोलायच्या. सातवा टाका कलतो तुमचा. फूटपट्टी मारली तरी गेला नाही तो.

लग्नाला या. भेट आणू नका, तुम्ही या. शिगेनोचा बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती, खायला नव्हतं, आणि तुम्ही तिला दोन वर्षं तुमच्याकडे डोंगरात ठेवून घेतलीत. तिला फारसं आठवत नाही म्हणते. पण तुमच्या तेइजीच्या पाठीवर बसून ती मोठी झाली हे मला आठवतं. त्याच्या तसबिरीपुढे तिच्या नावानं उदबत्ती लावा.

फुसाए

*

ओनोसावा, २५ जानेवारी १९५९

प्रिय फुसाए,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. इथे बर्फ खिडकीच्या वर गेलं आहे, पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो. शिगेनो नवरी होणार. तेइजी तिला ‘माझी नवरी’ म्हणायचा, आठवतं तुला? तिला कोणी विचारलं, मोठी झाल्यावर काय होणार, की ती म्हणायची, तेइजीदादाची बायको. तो लढाईवर निघाला तेव्हा स्टेशनवर तिनं विचारलं, मग लग्न कधी. तो म्हणाला, थांब हं, येतोच. ती सहा वर्षांची होती, तो तेवीसचा. सगळा डबा हसला होता.

यंदा त्याला जाऊन पंधरा वर्षं होतील. जहाज बुडालं, त्याचं काहीच आलं नाही. पांढरी पेटी आली तिच्यात नावाचा कागद होता तेवढा.

तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. तो येतो. रोज सकाळी दार उघडायच्या आधी बघते तर आतली मातीची जमीन ओली असते. दोन पावलांएवढी जागा. छप्पर गळत नाही, शेजारच्या सुतारानं बघितलं. पहिली वर्षं बरं वाटायचं. आता वाटतं, अडतीस वर्षांचा माणूस आईच्या दारात किती दिवस उभा राहणार.

शरद ऋतूत देवाला बोलावणाऱ्या आंधळ्या बाईकडे गेले होते. ती म्हणाली, तुझ्या मुलाला तिकडे कोणी नाही, त्याचं लग्न राहिलंय. म्हणून मी मुकासारीचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं आहे. गावातल्या आणखी तिघींनी आपापल्या मुलांची काढली, त्यांना शांत वाटलं. चित्रात तेइजी नवरदेवाच्या वेशात असेल, शेजारी नवरी, आणि ते चित्र डोंगरावरच्या देवळात टांगायचं.

आमच्याकडे पांढऱ्यात लग्न कोण करतं? चितारी म्हणतो, मी खरा पांढरा किमोनो जवळून बघितलेला नाही, चुण्या कशा पडतात ते कळायला हवं. तुझा पाठवशील का? दहा दिवस. मी स्वतः कागदात बांधून परत पाठवीन. नाही म्हणालीस तरी राग नाही.

किनुयो

*

साकाता, १ फेब्रुवारी १९५९

किनुयोताई,

पत्र तीनदा वाचलं. ओल्या जमिनीचं वाचून मी आमच्याही दारात जाऊन बघून आले. कोरडी होती. उगाच घाबरवलंत.

पहिल्यांदा नाहीच म्हणणार होते. नवरीनं अजून अंगाला न लावलेला किमोनो, आणि तो मेलेल्याच्या लग्नाच्या चित्रासाठी द्यायचा. हागांच्या बाईला कळलं तर तिथल्या तिथे आडवी पडेल. मग दोन दिवस मशीनवर बसले की तेच डोक्यात. तुम्ही ती दोन वर्षं स्वतः मुळ्याच्या पानांचं पाणी पिऊन माझ्या पोरीला भात घातला होता. मी कधी आभार मानले नाहीत, मला जमत नाही ते. तर हा घ्या किमोनो.

शिगेनोला सांगितलंय की काखेतली शिवण सुधारायला दुसरीकडे दिलाय. खोटं बोलले, तुमच्यासाठी.

एकच सांगते, आणि हे तुम्हाला मी सांगावं अशी वेळ नाही, तरी सांगते. कापड बघून कापड काढा. नवरी मनातली असू दे, नाव मनातलं असू दे. जिवंत माणसाचा चेहरा किंवा नाव त्या चित्रात गेलं तर ते माणूस तिकडे ओढलं जातं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चितारी तरुण असेल तर त्यालाही बजावा. हल्लीची पोरं कशावर विश्वास ठेवत नाहीत आणि मग आपल्याला निस्तरावं लागतं.

तेइजीचं भलं होऊ दे. त्याचं नाक मी पुसलंय, गुरुबाईंकडे असताना. पाच वर्षांचा होता, माझ्या सुयांची डबी उपडी करायचा.

दहा दिवस म्हणजे दहा.

फुसाए

*

ओनोसावा, २० फेब्रुवारी १९५९

प्रिय फुसाए,

किमोनो आजच्या टपालानं परत पाठवला आहे. दहाचे सतरा दिवस झाले, बर्फामुळे गाडी बंद होती.

चित्र झालं. अठरा तारखेला देवळात टांगलं. मी वर चढू शकत नव्हते, दोघांनी खांद्याचा आधार दिला. नवरीचं नाव हारु ठेवलं आहे. चितारीनं इतकं सुंदर काढलं की काय सांगू. तेइजी थोडा लाजलेला दिसतो. ती त्याच्या खांद्याला लागते, उंची अगदी जुळून आली आहे. किंचित हसते आहे, डाव्या गालावरची खळी सुद्धा उतरली आहे.

तुझे उपकार विसरणार नाही. शिगेनोची तब्येत कशी आहे?

किनुयो

*

साकाता, ८ मार्च १९५९

किनुयोताई,

नमस्कार लिहिलेला नाही, मुद्दाम.

पेटी आली त्या दिवशी एका सरकारी बाईचा कोट द्यायचा होता, म्हणून तशीच वर ठेवली. चार दिवसांनी उघडली. किमोनो खुंटीवर पसरला आणि सवयीनं पाठीच्या शिवणीवर अंगठा फिरवला. तिथेच थांबले. मानेपाशी गाठ नव्हती. खाली गेले, खालीही नव्हती. मधे कुठे दोरा संपून नवा लागला असेल तिथेही नाही. नुसता दोरा आत गेलेला आणि बाहेर आलेला, ओढला तर सगळी पाठ उघडेल असा.

मी गाठ मारल्याशिवाय साधं फडकं शिवत नाही. गाठ न मारता काय शिवतात ते मी आणि तुम्ही एकाच चटईवर बसून शिकलो. मेलेल्याच्या अंगावर जातं ते.

मग मी दिव्याखाली धरून टाके मोजले. सातवा कललेला. चौदावा कललेला. एकविसावा. पुढे मोजले नाहीत.

आता शिगेनोचं ऐका, कारण तुम्ही तिची तब्येत विचारलीत, आणि का विचारलीत ते मला आता कळतंय. अठरा फेब्रुवारीपासून ती जेवत नाही. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टर म्हणतात लग्नाची धास्ती आहे, अंडी द्या. मी मंगळवारी तिचं माप घेतलं. मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत जानेवारीत होतं त्यापेक्षा अर्ध्या बोटानं कमी भरलं. तीनदा घेतलं. माणूस वाळतं ते मला माहीत आहे, पण हाडं कमी होत नाहीत.

आणि परवा न्हाणीघरात सगळ्या बायकांसमोर तिनं किमोनो अंगावर घेतला तो डावी बाजू आत, उजवी वर. उलटा. मेलेल्याला नेसवतात तसा. एक म्हातारी ओरडली तेव्हा हिला कळलं. मी घरी आणून विचारलं, तुला काय लहान पोर समजायचं का, वीस वर्षं नेसतेयस. ती म्हणाली, “आई, मी नाही नेसले. कोणीतरी समोर उभं राहून नेसवतं. त्याच्या बाजूनं ते बरोबरच असतं.”

तीन दिवसांत तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी बाजूला उभी होते. ती हात थोडे लांब करून उभी होती, शिंप्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं तशी, आणि तिच्यापुढे कोणी नव्हतं.

मोरियोची आई विचारून गेली की मुलगी आजारी आहे का, असेल तर आताच सांगा. मोरियो मासे ठेवून गेला.

आता मला सरळ सांगा. मनातल्या नवरीला खळी कुठून आली? डाव्या गालावर? मागच्या पितरांच्या सणाला आलात तेव्हा माझ्या पोरीचा फोटो मागून नेला होतात. तो कुठे आहे?

पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो हे मला सांगू नका. खाली उतरून टाका पत्र.

फुसाए

*

ओनोसावा, १५ मार्च १९५९

फुसाए,

खाली उतरून टाकते आहे.

फोटो दिला. चितारीनं आधी मनातलाच चेहरा काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओघळलेला होता, पाणी पडल्यासारखा. दुसरा काढला, तोही. तेइजीच्या चेहऱ्याला काही झालं नाही. चितारी म्हणाला, आजी, तुमच्या मुलाला ही पसंत नाही दिसत. तो थट्टेनं म्हणाला. मी घरी आले आणि शिगेनोचा फोटो काढून त्याला नेऊन दिला, पुतणी आहे, वारली, असं सांगून. तिसरा चेहरा ओघळला नाही.

शिवणही मीच उसवली. ज्यांची मुलं गेली आहेत त्या तिघींना बोलावलं, आम्ही चौघींनी सुई हातोहात ओढली. बहुतेक टाके माझेच पडले, त्यांना एवढं बारीक येत नाही. गाठी ठेवल्या असत्या तर कपडा तिकडे पोचलाच नसता. परत करताना पुन्हा उसवून गाठी मारायच्या असं ठरवलं होतं. मारल्या नाहीत. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता.

मला वाटलं, तुझ्याकडे खरं लग्न आहे, जावई येईल, नातवंडं येतील. माझ्याकडे एक चित्र. चित्रापुरती ती माझी झाली तर तुझं काय कमी होणार आहे. दोन वर्षं तिला मीच वाढवली होती. तिनंच म्हटलं होतं ना, तेइजीदादाची बायको.

अठरा तारखेपासून जमीन कोरडी आहे. तो आला नाही. मी पंधरा वर्षांनी झोपले फुसाए. अशी झोपले की शेजारीण बघायला आली. शिगेनोचा विचार उठल्यावर आला. खोटं कशाला लिहू, उठल्याबरोबर नाही, दुपारी आला.

तुझं पत्र आल्यावर देवळात गेले. पुजाऱ्यांना म्हटलं, चित्र काढून द्या, मी जाळते. ते म्हणाले, देवापुढे लागलेलं लग्न मोडता येत नाही. जाळलं तर नवराही जळेल आणि नवरीही. मी पायरीवर बसून राहिले.

माझ्याकडून काय करून घ्यायचं ते सांग. मी मेले तर चालेल का, हेही त्यांना विचारलं. ते म्हणाले, आई काही नवरी होत नाही.

किनुयो

*

साकाता, १९ मार्च १९५९

मंगळवारच्या गाडीनं येतेय. शिगेनोजवळ मोरियोला बसवलंय, त्याला सांगितलंय की तिनं किमोनो अंगावर घेताना तू तिच्या समोर उभा राहायचंस, बाकी कोणाला जागा ठेवायची नाही. लग्नाआधी हे बरं दिसत नाही असं त्याची आई म्हणाली. मी तिला घराबाहेर काढलं.

चितारीला थांबवून ठेवा. रंग घेऊन देवळात ये म्हणावं. तुम्ही वर येऊ नका. माझ्यासाठी रांधू नका, तुमच्या घरचं मी खाणार नाही.

फुसाए

*

ओनोसावा, ३० मार्च १९५९

प्रिय फुसाए,

प्रिय लिहिलं आहे, तू खोडून टाक हवं तर.

तू माझ्या दारावरून गेलीस आणि दारावरूनच परत आलीस. मी आत उभी होते. तुझ्या हातात ती किमोनोची पेटी होती, जाताना आणि येतानाही. हाक मारायचं धाडस झालं नाही.

चितारी दुसऱ्याच दिवशी आला होता. त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, त्या बाईंनी येताच पुजाऱ्यांना विचारलं, लग्न मोडता येत नाही, मान्य, पण चितारीची चूक सुधारता येते की नाही. पुजारी म्हणाले, चूक असेल तर येते. तू म्हणालीस, चूक आहे, नवरी भलतीच बसवली आहे. मग त्याला म्हणालीस, चेहरा पूस. त्यानं तुला सांगितलं, पुसतो, पण जागा मोकळी ठेवता येणार नाही, मनातला काढला तर राहत नाही हे मी दोनदा बघितलंय, कोणाचा तरी काढावा लागेल.

तू म्हणालीस, “मी काय इथे हवा खायला आलेय?”

आणि मागच्या खोलीत जाऊन तो पांढरा किमोनो घालून आलीस. तो सांगत होता, डावी बाजू आत होती, उजवी वर, बाईंनी स्वतःच्या हातानं तसा नेसला होता. तीन तास बसलीस. त्यानं दोनदा विचारलं, जिवंत आहात ना, मग कळतंय ना काय करताय. तू म्हणालीस, बोलत बसू नकोस, उजेड जाईल. नाकाशेजारचा चामखीळ त्यानं सोडून दिला होता, तो काढायला लावलास. केसातले पांढरेही. हारु नाव खोडून तुझं नाव लिहायला लावलंस, आणि एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा लिहायला लावलंस, तू, चार यत्ता शिकलेली.

फुसाए, हे तू काय केलंस? तो सांगून गेला तशी मी वर गेले. चित्र अजून ओलं होतं, रंगाचं ओलं. तेइजी तसाच आहे, तेवीस वर्षांचा, लाजलेला. शेजारी तू, भांडायला निघाल्यासारखी.

शिगेनो कशी आहे? मला विचारायचा हक्क नाही. तरी एक ओळ लिही. जेवते का, एवढंच.

किनुयो

*

साकाता, २६ एप्रिल १९५९

सासूबाई,

हो, आता असंच म्हणावं लागेल. ताई म्हणून चालायचं नाही, लग्न लागलंय.

जेवते. मी घरी पोचले त्या संध्याकाळी पायातलं काढायच्या आधी तिनं विचारलं, काही खायला आणलंस का. तिचा बाप गेल्यापासून मी कधी रडले नव्हते, त्या दिवशी मोरियोसमोर रडले, आणि तो मुकाट्यानं बंदरावरून तळलेले मासे घेऊन आला. चार दिवसांनी माप घेतलं. केसभर मागेपुढे नाही, जानेवारीत होतं तेवढंच. नेसतेही नीट.

लग्न वीस तारखेलाच झालं. काळा किमोनो घातला तिनं, लांब बाह्यांचा, मोरियोच्या बहिणीचा. हागांच्या बाईनं चारचौघांत विचारलंच, पांढऱ्याचं काय झालं हो शिंपीणबाई. मी म्हटलं, कसर लागली. ती आठ दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरणार आहे की शिंपिणीच्या घरी कसर लागते. फिरू दे. शिगेनो दारातून निघाली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही, पायातल्या सपातांकडे बघत होते. ती परत वळून आली नाही, तसं वळायचं नसतंच.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही.

आता इकडचं. देवळातून परतले त्याच आठवड्यात भर दुपारी मी किमोनो बदलत होते, आणि कापड समोरून कोणीतरी धरलं. थंड वगैरे काही नव्हतं, नुसतं धरलं होतं, अडखळत, पुरुषाला जमत नाही तसं. मी हात झटकला. म्हटलं, मला येतं माझं नेसायला, तू जन्मायच्या आधीपासून येतं. मग जरा वाईट वाटलं. पोरगं पंधरा वर्षं एकटं आहे. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कंबरेच्या ओबीचं टोक धरायला दिलं त्याला. ते जमलं.

मी घाबरलेय का, असं तुम्हाला वाटत असेल. घाबरलेय. दंडाचं माप घेतलं, जरा कमी आहे. पण माझे दंड असेही भरपूर होते.

शिगेनोच्या बापाचं काय, हा एक प्रश्न आहे. तो तिकडे आहे आणि त्याची बायको दुसऱ्याच्या चित्रात जाऊन बसली. त्याला मी समजावीन. जिवंतपणी माझं ऐकायचा नाही, आता बघू.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही वाटत नाही. पोरीचा जीव घ्यायला निघाला होतात, आणि मला कळलं नसतं तर घेतलाही असता. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. पण सासू-सुनेचं कुठे गोड असतं, तेव्हा राग राहिला तरी कोणाला नवल वाटायचं नाही. या पावसाळ्यात मी पंधरा दिवस येऊन राहीन. तुमच्या गुडघ्यांचं लोक सांगतात ते बरं नाही.

आणि मुलाकडच्यांना विचारायचं असतं ते माझं सगळं विचारायचं राहूनच गेलंय, घाईघाईत लग्न झालं. तेव्हा आता नीट कळवा. नाक गळणारा पाच वर्षांचा तेवढा मला माहीत आहे. पुढे तो कसा झाला? चिडतो का? चिडला की बोलतो की गप्प बसतो? गप्प बसणारा माझ्याच्यानं सोसवत नाही. माशाचं डोकं खातो की ताटात ठेवतो? दारू? कोणी मुलगी मनात होती का, खरं सांगा, मला काही फरक पडत नाही. गाणं म्हणायचा असं शिगेनो एकदा म्हणाली होती, कुठलं? हे सगळं लिहा. घाई नाही. पानं लागली तर लागू देत, इतकी वर्षं त्याच्याबद्दल तुम्हाला कोणी काही विचारलं नसणार.

आणि तो तुमच्याकडे आला तर त्याला सांगा, मी सांगितलं तर ऐकत नाही, नुसता उभा राहतो. मला इतक्यात तिकडे यायला जमणार नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण करायचंय, तिच्या सासूच्या हाती मी ते सोडणार नाही. दुसरंही बहुतेक मलाच करावं लागेल. हातात अकरा किमोनोंची शिलाई आहे. हे उरकलं की येते, आणि आले की घर माझ्या पद्धतीनं चालेल, त्यानं त्याची तयारी ठेवावी.

तुमची सून,
फुसाए